स्वयंचलित गिअरपेटीतील तेलगळती : निदान आणि दुरुस्ती

जुन्या मोटारीखाली दिसणारा तेलाचा डाग ही सामान्यतः किरकोळ बाब समजली जाते. "गाडी जुनी झाली, थोडे तेल गळायचेच," असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वत्र आढळते. साध्या, हाताने बदलावयाच्या गिअरच्या गाडीत असे दुर्लक्ष काही काळ खपूनही जाते. स्वयंचलित गिअरपेटीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत मात्र ते फार महाग पडते. एखाद्या स्वस्त रबरी सीलमधून महिनोन्महिने झिरपणारे तेल अखेरीस संपूर्ण गिअरपेटी निकामी करू शकते आणि ती बदलण्याचा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जातो. घाटात चढणीवर गाडीची ओढ अचानक नाहीशी झाली, तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही; तो प्रवाशांच्या जीविताचा होतो.

एकेकाळी स्वयंचलित गाड्या आपल्याकडे क्वचितच दिसत. मारुती झेनसारख्या लहान मोटारीची स्वयंचलित आवृत्ती १९९० च्या दशकात भारतीय बाजारात आली आणि त्यानंतर अनेक निर्मात्यांनी हा मार्ग अनुसरला. त्या काळातील व त्यानंतरच्या दशकातील अनेक गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, शहरांतून तालुक्याच्या गावी पोहोचल्या आहेत. त्यांच्या दुरुस्तीचे ज्ञान मात्र त्याच वेगाने पोहोचलेले नाही. म्हणूनच या गळतीची कारणे, तिचे निदान आणि दुरुस्तीची योग्य पद्धत यांची माहिती वाहनधारकांना, तसेच दुरुस्तीची अंदाजपत्रके मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना व पदाधिकाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

तेलाचे कार्य

साध्या गिअरपेटीत तेलाचे मुख्य काम वंगणाचे असते. स्वयंचलित गिअरपेटीत तेल हेच कामकरी द्रव्य होय. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या गोल भांड्यातील तेलाच्या प्रवाहाद्वारे गिअरपेटीकडे जाते. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलावर दाब निर्माण करतो आणि त्या दाबाने गिअरपेटीतील क्लच-चकत्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जाऊन गिअर बदलतो. शाळेत शिकविला जाणारा पास्कलचा नियम येथे प्रत्यक्ष काम करताना दिसतो. याशिवाय वंगण पुरविणे, निर्माण होणारी उष्णता रेडिएटरमधील शीतकापर्यंत वाहून नेणे आणि झिजलेले कण तळाशी व गाळणीपर्यंत पोहोचविणे, हीदेखील त्याच तेलाची कामे आहेत.

मध्यम आकाराच्या मोटारीत अशा तेलाचे एकूण प्रमाण साधारणतः ६ ते १० लिटर असते. त्यापैकी एखादा लिटर कमी झाला तरी चढावर किंवा वळणावर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येऊ लागते. हवा मिसळलेले तेल फेसाळते. फेस दाबला जात असल्याने आवश्यक तो दाब तयार होत नाही. दाब अपुरा पडला की क्लच-चकत्या घसरतात, घसरण्याने उष्णता वाढते, उष्णतेने तेल जळते आणि सीले अधिकच कडक होऊन गळती वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. कार्यकारी तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर प्रत्येक १० ते ११ अंशांच्या वाढीस तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारागिरांचा व अभियंत्यांचा ठोकताळा आहे. विदर्भातील उन्हाळा व सह्याद्रीतील घाट लक्षात घेतल्यास हा ठोकताळा किती महत्त्वाचा आहे, हे सांगणे नलगे.

गळतीचे प्रमाण कसे मोजावे ?

"थोडेसे तेल गळते" या शब्दांना नेमका अर्थ नाही. गळतीचे मोजमाप करता येते व ते अगदी सोपे आहे. तेलाचे सुमारे २० थेंब मिळून १ मिलिलिटर होतो, असे स्थूलमानाने धरावे. मिनिटाला १ थेंब पडत असेल तर २४ तासांत १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर तेल जाते. एका महिन्यात हेच प्रमाण दोन लिटरांहून अधिक होते. दर १० सेकंदांस एक थेंब पडत असेल तर दिवसाला ४३२ मिलिलिटर आणि अवघ्या पाच दिवसांत दोन लिटरांहून अधिक तेल नाहीसे होते. अनेक गाड्यांत डिपस्टिकवरील वरची व खालची खूण यांत अर्ध्या लिटराचाही फरक नसतो, हे ध्यानी घेतल्यास किरकोळ वाटणारी गळती किती झपाट्याने धोक्याच्या मर्यादेस पोहोचते, ते स्पष्ट होते. विज्ञानाच्या शिक्षकांना हे गणित वर्गात प्रयोगरूपाने सहज करून दाखविता येईल.

गळते ते कोणते तेल ?

निदानाची पहिली पायरी म्हणजे गळणारे द्रव्य ओळखणे. रात्री गाडी सपाट जागी उभी करून तिच्याखाली पांढरा पुठ्ठा अंथरावा आणि पुढच्या-मागच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी. सकाळी डाग कोठे व कोणत्या रंगाचा आहे, ते पाहावे. स्वयंचलित गिअरपेटीचे तेल बहुधा लाल रंगाचे, पातळ व गुळगुळीत असते. जुने झाल्यावर ते तपकिरी होते. इंजिनाचे तेल मधाच्या रंगाचे किंवा काळे असते. साध्या गिअरपेटीचे व मागील धुऱ्याचे तेल घट्ट असून त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. रेडिएटरमधील शीतक पाण्यासारखे पातळ, हिरवे, निळे किंवा गुलाबी व गोडसर वासाचे असते. ब्रेकचे तेल फिकट पिवळे असते. स्वच्छ, रंगहीन पाणी असल्यास ते वातानुकूलन यंत्रणेचे असून त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. अनेक जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगसाठीही हेच लाल तेल वापरलेले असते. म्हणून लाल डाग दिसताच गिअरपेटी दोषी ठरवू नये. स्टिअरिंगच्या टाकीतील पातळी प्रथम पाहावी. ती कमी होत असेल तर दोष तेथे शोधावा.

अलीकडे रूढ झालेल्या, भारतात २०१४ मध्ये सेलेरियो मोटारीपासून सर्वत्र परिचित झालेल्या एएमटी गाड्यांची रचना वेगळी आहे, हेही लक्षात ठेवावे. त्यांत साधी गिअरपेटी व साधा क्लच असून गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यांतील तेल हे साध्या गिअरपेटीचे तेल असते. सीव्हीटी प्रकारच्या गिअरपेटीचे तेलही स्वतंत्र असते. प्रस्तुत विवेचन मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या जुन्या स्वयंचलित गिअरपेटीस लागू आहे.

सुरक्षिततेचे नियम

गाडीखाली जाण्यापूर्वी काही नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कोणीही जाऊ नये. भक्कम लोखंडी स्टँड, ज्यास गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ते लावावेत. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके अगर दगड लावावेत. धावून आलेल्या गाडीतील तेलाने कातडी भाजते, म्हणून ती थोडी निवू द्यावी. गरम सायलेन्सरच्या नळीवर पडलेले तेल पेट घेऊ शकते. त्यामुळे धूर व जळका वास येत असल्यास गाडी तत्काळ थांबवावी.

उगम शोधण्याची पद्धत

तेल खाली वाहते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. परिणामी थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. किंबहुना बहुधा ती तेथे नसतेच. ओल्या भागातील सर्वांत वरचे व सर्वांत पुढचे ठिकाण शोधणे, हा निदानाचा मूलमंत्र होय. जुन्या गाडीवर तेल व धुळीचा जाड थर बसलेला असल्याने हे ठिकाण दिसत नाही. यास्तव गिअरपेटीचा बाह्य भाग प्रथम योग्य द्रावकाने धुऊन पूर्णपणे कोरडा करावा. हे करताना विजेच्या जोडण्या व वायुनलिकेचे तोंड झाकून घ्यावे. त्यानंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून, पुन्हा उभी करून बॅटरीच्या उजेडात तपासावी. गळती फारच मंद असल्यास संशयित भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी. तेल झिरपताच पांढऱ्या पुडीवर ओघळ उमटतो. काही कार्यशाळांत तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली तपासणी केली जाते. हे रंगद्रव्य तेलाशी जुळणारे असावे.

गळती केव्हा होते, यावरूनही तिचा उगम कळतो. इंजिन चालू असतानाच गळत असेल, तर दाबाखालील भाग, म्हणजे शीतकाकडे जाणाऱ्या नळ्या किंवा पंपाचे पुढील सील, संशयास्पद ठरतात. गाडी चार-सहा दिवस उभी राहिल्यावरच डाग पडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरून तेथील पातळी वाढते आणि ते गिअर-दांड्याच्या सीलमधून अथवा पॅनच्या सांध्यातून बाहेर येते, असे समजावे.

गळतीची प्रमुख ठिकाणे

(१) तळाचा पॅन : येथील गॅसकेट, म्हणजे पॅकिंग, कडक होऊन अथवा बोल्ट अति आवळल्याने फाटून गळती होते. तेल सोडण्याच्या बुचाचा वॉशरही तपासावा.

(२) शीतकाच्या नळ्या : धातूच्या नळ्या पकडीखाली गंजतात; रबरी होज पाइप उष्णतेने तडकतात. येथील गळती सर्वांत धोकादायक असते, कारण पाइप फुटल्यास काही मिनिटांतच गिअरपेटी रिकामी होऊ शकते.

(३) बाह्य दांड्यांची सीले : पुढील चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांत दोन्ही बाजूंच्या दांड्यांची सीले, मागील चाकांच्या गाड्यांत पेटीच्या मागील टोकाचे सील, आणि गिअर निवडण्याच्या दांड्याचे सील.

(४) लहान रबरी कडी : डिपस्टिकची नळी, वेगमापकाची जोडणी आणि विजेच्या तारांची जोडणी यांतील ओरिंग. मर्सिडीज-बेंझच्या, १९९६ पासून वापरात आलेल्या ७२२.६ क्रमांकाच्या पंचगती गिअरपेटीचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. तिच्यातील तारांच्या जोडणीभोवतीची रबरी कडी झिजली की तेल केवळ बाहेर गळत नाही, तर तारांच्या आवरणातून चढत नियंत्रण-पेटीपर्यंत पोहोचते आणि विजेचे दोष निर्माण करते. मूळ सुटा भाग मात्र अल्प किमतीचा असतो.

(५) पंपाचे पुढील सील : हे इंजिन व गिअरपेटी यांच्या मधल्या घंटेसारख्या आवरणात असते. या आवरणाच्या तळातून पडणारे तेल इंजिनाच्या मागील सीलमधूनही आलेले असू शकते. लाल असल्यास गिअरपेटीचे, काळे असल्यास इंजिनाचे, हा भेद प्रथम करावा. अन्यथा विनाकारण गिअरपेटी उतरविली जाते.

(६) वायुनलिका : पेटीतील हवेस वाट देणारी ही लहान नळी असते. तीतून तेल येत असल्यास बहुधा तेल प्रमाणाबाहेर भरलेले असते. याउलट ती चिखलाने बुजल्यास आतील दाब वाढून चांगली सीलेही गळू लागतात. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत ही तपासणी अवश्य करावी.

न दिसणारी गळती

जमिनीवर डाग नाही आणि तरीही तेल कमी होत आहे, अशी स्थिती अधिक गंभीर समजावी. तिची दोन कारणे संभवतात. अनेक गाड्यांत तेल थंड करण्याची नळी रेडिएटरच्या आतच बसविलेली असते. तिला छिद्र पडल्यास तेल शीतकात व शीतक तेलात मिसळते. डिपस्टिकवरील तेल गुलाबी दुधासारखे दिसते. पाण्याच्या संपर्काने क्लच-चकत्यांवरील घर्षणपट्टीचा चिकटा सुटतो. म्हणून अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. रेडिएटर बदलणे, शीतकाची यंत्रणा धुणे आणि गिअरपेटी तज्ज्ञाकडून तपासून घेणे, हाच उपाय होय.

दुसरे कारण काही जुन्या गिअरपेट्यांतच आढळते. त्यांत इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा, व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाचा लहान डबा असतो. त्यातील पडदा फाटल्यास इंजिन गिअरपेटीतील तेल ओढून जाळते. सायलेन्सरमधून दाट धूर येतो व पातळी उतरत जाते. डब्याची निर्वात नळी काढून पाहिल्यास तिच्यात तेल आढळते. एवढ्या खुणेवरून निदान होते व डबा बदलताच दोष दूर होतो.

पातळी तपासणे

तेलाची पातळी चुकीच्या रीतीने तपासल्यास पुढील सर्व निष्कर्ष चुकतात. सामान्य नियम असा की, गाडी सपाट जागी उभी करावी, गिअरपेटी पूर्ण तापलेली असावी, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सर्व स्थानांवर क्षणभर फिरवून पार्किंगच्या स्थानी आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक पाहावी. तथापि काही निर्माते इंजिन बंद केल्यावर लगेच पातळी पाहावयास सांगतात. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेथे विशिष्ट तापमानास बाजूचे बूच काढून पातळी ठरवावी लागते. म्हणून गाडीसोबतची माहितीपुस्तिका हीच अंतिम प्रमाण मानावी. तेल कमी असणे जितके घातक, तितकेच ते अधिक असणेही घातक आहे. वाढलेले तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन फेसाळते.

तेलाचा रंग व वासही पाहावा. काळपट, करपट वासाचे तेल क्लच-चकत्या जळाल्याचे निदर्शक आहे. अशा वेळी केवळ गळती बंद करून भागणार नाही, याची जाणीव गाडीच्या मालकास आधीच द्यावी.

दुरुस्तीची पद्धत

पॅनचे गॅसकेट बदलणे हे काम तालुक्याच्या कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होण्यासारखे आहे. खाली रुंद परात ठेवून एका बाजूचे बोल्ट अगोदर सैल करावेत, म्हणजे तेल एकाच बाजूने उतरते. पॅनमधील चुंबकावर करड्या रंगाचा बारीक चिखल आढळणे स्वाभाविक आहे; धातूचे तुकडे किंवा चकत्यांचे पापुद्रे आढळल्यास मात्र आतील बिघाड समजावा. पॅनच्या कडा बोल्टांच्या छिद्रांभोवती दबलेल्या असतात. त्या लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सपाट कराव्यात. जुन्या गॅसकेटचे अवशेष ओरखडे न पाडता काढावेत आणि त्याच वेळी गाळणीही बदलावी. नवे गॅसकेट बहुधा कोरडेच बसवावयाचे असते. त्यावर सिलिकॉनचा थर थापण्याची प्रथा हानिकारक आहे, कारण आत सुटलेले तुकडे गाळणी व तेलमार्ग बुजवितात. ज्या पेट्यांत निर्मात्याने गॅसकेटऐवजी असे सिलिकॉनच वापरले आहे, तेथे ते सांगितलेल्या प्रतीचे व सांगितलेल्या जाडीनेच लावावे.

बोल्ट मधून कडांकडे, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. त्यांचे माप साधारणतः ८ ते १४ न्यूटन-मीटर एवढे अल्प असते. "गळते, म्हणून आणखी आवळा" ही समजूतच पुष्कळ गळत्यांचे मूळ आहे. अति आवळण्याने गॅसकेट पिळवटते, पॅन वाकतो आणि ॲल्युमिनियमच्या पेटीतील आटेही जातात.

दांड्याचे सील बदलताना ते का गेले, याचा शोध घ्यावा. दांड्यावर खाच पडली असेल किंवा आतील बुश झिजून दांडा हलत असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते. सीलच्या ओठास तेल लावून ते सारख्या दाबाने, तिरके न होऊ देता बसवावे. नळ्यांसाठी तेलास व उष्णतेस टिकणारा, त्याच कामासाठी बनविलेला होज पाइप वापरावा. पाण्याचा किंवा पेट्रोलचा पाइप चालत नाही.

पंपाचे पुढील सील बदलण्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागते. हे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. परत बसविताना टॉर्क कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला आहे याची खात्री न करता बोल्ट आवळल्यास पंप जागीच फुटतो. गिअरपेटी उतरविलीच आहे, तेव्हा इंजिनाचे मागील सीलही पाहून घेणे काटकसरीचे ठरते.

तेलाची निवड

सर्व लाल तेले सारखी नसतात. स्वयंचलित गिअरपेटी १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. जनरल मोटर्सने अशा तेलासाठी १९४९ मध्ये टाइप-ए हे मानक ठरविले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेक्सरॉन हे मानक आणले. त्या काळी तेलाचे घर्षणगुण साधण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत. देवमाशांच्या संरक्षणासाठी अमेरिकेत १९७० च्या सुमारास त्यावर बंदी आली आणि रासायनिक पर्याय शोधावे लागले. पुढे प्रत्येक निर्मात्याने स्वतःची मानके ठरविली. यावरून तेलाचे घर्षणगुण किती नाजूक बाब आहे, हे दिसून येते. चुकीच्या तेलाने गिअर धक्क्याने पडतो, गाडी थरथरते किंवा चकत्या घसरतात. म्हणून पुस्तिकेत नमूद केलेल्या मानकाचेच तेल वापरावे. पॅन काढल्यावर एकूण तेलापैकी सामान्यतः निम्म्याहून कमी तेल बाहेर येते; जेवढे निघाले तेवढे मोजून भरावे व नंतर पातळी पाहावी.

गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी औषधे कडक झालेले रबर काहीसे फुगवितात. काही आठवडे त्यांचा उपयोग होतो. परंतु फाटलेले सील, गंजलेली नळी किंवा झिजलेला बुश त्यांनी बरा होत नाही. याच हेतूने तेलात ब्रेकचे तेल मिसळण्याचा प्रकार कोठे कोठे आढळतो. तो सर्वथैव टाळावा. त्यामुळे सर्व सीले मऊ पडून नाश पावतात.

गाडी वाटेत बंद पडल्यास

तेल संपून गाडी वाटेत थांबल्यास तिला दोराने ओढून नेण्याचा मोह होतो. स्वयंचलित गिअरपेटीचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असता चाके फिरत राहिली तर आतील भाग वंगणाविना घासले जातात. म्हणून ओढ असलेली चाके उचलून, अथवा शक्य तर संपूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

अंदाजपत्रक व नोंदी

१ एप्रिल २०२३ पासून, संरक्षण इत्यादी विशेष वाहने वगळता, १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. या मर्यादेच्या जवळ आलेल्या वाहनावर किती खर्च करावा, हा निर्णय जबाबदारीचा असतो. खासगी जुन्या वाहनाच्या मालकापुढेही हाच प्रश्न असतो. "गिअरपेटी गेली, नवी बसवावी" एवढ्याच शेऱ्यावर खर्च मंजूर करणे योग्य नव्हे. गळतीचे नेमके ठिकाण, बाह्य भाग धुऊन पुन्हा तपासणी केल्याचा उल्लेख, तेलाची स्थिती, लागणाऱ्या तेलाचे मानक व परिमाण, बदलावयाचे सुटे भाग ही माहिती अंदाजपत्रकात असावी आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. लॉगबुकमध्ये डिझेलप्रमाणेच गिअरपेटीत घातलेल्या तेलाचीही नोंद ठेवल्यास गळती वाढते आहे की स्थिर आहे, हे तीन महिन्यांत समजते. दुरुस्तीनंतर वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवून एकदा, व सुमारे ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासणी करावी.

जळक्या तेलाची विल्हेवाट

काढलेले जळके तेल गटारात, ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपास ओतणे हा गुन्हाच समजला पाहिजे. कुंपणाच्या खांबांना ते फासणे अगर अंगणातील धूळ बसविण्यासाठी शिंपडणे या प्रथाही घातक आहेत. पहिल्या पावसात ते तेल वाहून पाणवठ्यास मिळते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांनुसार वापरलेले तेल हे घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जावयास हवे. गावातील गॅरेजांनी असे तेल झाकणबंद पिंपात साठवावे व ते अधिकृत संकलकाकडे सोपवावे, यासाठी ग्रामपंचायतींनी आग्रह धरल्यास गावच्या पाण्याचे मोठे हित साधेल.

गळतीचा थेंब लहान असतो, परंतु तो यंत्राच्या आतील स्थितीची पूर्वसूचना देत असतो. ती वेळीच ओळखावी, उगम शोधल्याखेरीज सुटे भाग बदलू नयेत, आणि तेल घालत राहणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढी तीन पथ्ये पाळली तरी अनेक गिअरपेट्या वाचतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी हे तंत्र विद्यार्थ्यांच्या हाती दिले, तर तालुक्याच्या गॅरेजमध्येच ही कामे विश्वासाने होऊ लागतील आणि जुन्या गाडीतून घाट चढणाऱ्या कुटुंबाचा प्रवास अधिक निर्धोक होईल.